जुन्या वळणाची अंतराळयुद्धकथा मराठीत लिहायची तर शत्रू किती दाखवायचा?

दीपस्तंभ

मंडळी, एक मोठी गोष्ट लिहायला घेतली आहे आणि तिच्यातल्या एका पेचावर तुमच्याशी बोलायचं आहे.

गोष्ट जुन्या वळणाची आहे. काळोखातून आलेलं परकं आरमार, माणसांच्या जहाजांचा अपुरा ताफा, गुरूजवळची एक चौकी अचानक बंद पडते, आणि मग शेकडो पानं एकच प्रश्न: हे कोण आहेत आणि आपल्याला का मारताहेत? फाउंटनच्या आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या पेपरबॅकांनी हे वेड लावलं आणि ते उतरलेलं नाही. या प्रकाराला पोरकट म्हणणारे खूप भेटतात. मला त्यातला भव्यपणा आजही मनापासून आवडतो. त्यात माणूस फार लहान असतो, तरी जागा सोडत नाही.

मराठीत असं फारसं का लिहिलं गेलं नाही, याचं एक कारण मला दिसतं. आपली विज्ञानकथा बरीचशी स्पर्धांमधून आणि दिवाळी अंकांमधून वाढली. मराठी विज्ञान परिषद मुंबईत १९६६ साली स्थापन झाली, आणि तिच्याच १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून पहिलं बक्षीस मिळवलं. तिथून एका कल्पनेभोवती नेटकी बांधलेली कथा हे आपलं बलस्थान झालं. पण दहा-पंधरा पानांत आरमारं मावत नाहीत.

आता पेच. माझं ठाम मत आहे की शत्रू शेवटपर्यंत अनोळखी राहावा. लेखकाने पडदा सरकवला आणि आतून एखादा खवल्यांचा सम्राट निघाला, त्याला सिंहासन आणि सूड असल्या आपल्याच वासना निघाल्या, की सगळी भीती तिथेच संपते. पण अनोळखी ठेवायचा म्हणून लेखकानेही काही ठरवायचं नाही, ही पळवाट झाली. शत्रूच्या वागण्याला कडक नियम हवा. ते काय करतात हे वाचकाला लख्ख दिसावं, का करतात हे दिसू नये.

माझा नियम असा आहे: ते फक्त बोलणाऱ्यांवर चाल करतात. ज्या चौकीने बिनतारी मदत मागितली ती गेली. जिची यंत्रणा आधीच बिघडून मुकी झाली होती, तिच्या अगदी शेजारून त्यांची जहाजं निघून गेली. माणसांना हे उमगायला गोष्टीचा तिसरा हिस्सा जातो.

आणि ताफ्याचं मुख्यालय मी मुंबईत ठेवलं आहे. आरमाराचं शहर आहे, दुसरीकडे कशाला जायचं? पण मग प्रश्न येतो की मुंबई गप्प कशी करायची? इथे अडलो आहे.

निशाचर

वाचतो आहे. नियम आवडला. लवकर लिहा.

कोकणकडा

मुंबई निवडलीत, फार बरं वाटलं. लढाईचा नकाशा हवा असेल तर तो तुमच्या दारात आहे. खांदेरी.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना पाठवून थळसमोरच्या या बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडावरच किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रज हबकले आणि त्यांनी जहाजं आणून वाट अडवायला सुरुवात केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी, पण चालणार वाऱ्यावर. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्री अंधारात निघायच्या आणि बेटावर रसद टाकून परत यायच्या. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांना सकाळीच गाठलं. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब, म्हणजे एक लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची बरीच जहाजं पांगली, ‘रिव्हेंज’ मात्र जागा धरून लढली आणि तिने मराठ्यांना मागे रेटलं. त्या दिवसाचा निकाल एकतर्फी नव्हता, तरी शेवटी बेट मराठ्यांकडेच राहिलं.

यात तुमच्या गोष्टीला लागणारं सगळं आहे. बलाढ्य जहाज जिथे जाऊ शकत नाही असं उथळ पाणी अंतराळात कुठलं, ते शोधा. लघुग्रहांचा पट्टा लगेच सुचेल, पण चित्रपटात दाखवतात तसा तो दाटीवाटीचा नसतो, दोन मोठ्या दगडांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. शनीची कडी त्यापेक्षा बरी. तिथे खरोखर बर्फाचे तुकडे खच्चून आहेत आणि कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच.

रेडिओखगोल

दोन-तीन गोष्टी भौतिकीच्या बाजूने. यातली एक तुमच्या नियमाला मदत करेल आणि एक अडचणीत आणेल.

पहिली गोष्ट, अंतराळात लपणं फार कठीण आहे. पार्श्वभूमीचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त २.७ अंश. ज्या जहाजात इंजिन चालतं, जीव जगतात, ते त्या थंडीत उष्णता टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीला उजळ दिसणारच. त्यामुळे ‘अचानक समोर उभे ठाकले’ असं लिहू नका. एक खरी वाट आहे: सूर्याच्या दिशेने यायचं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा अशनी फुटला, सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. तो सूर्याच्या बाजूने आला होता, म्हणून आधी कुणालाच दिसला नाही. तुमच्या आरमाराला हीच वाट द्या.

दुसरी, त्यांना बॉम्बची गरज नाही. १ किलोचा धोंडा प्रकाशाच्या एक दशांश वेगाने आदळला तर साधारण १०८ किलोटन टीएनटीइतकी ऊर्जा बाहेर पडते, हिरोशिमाच्या सुमारे ७ पट. त्यांची शस्त्रं अगदी साधी ठेवा. दगड. त्यानेच जास्त भीती वाटेल.

तिसरी अडचणीची. मुंबई आज गप्प केली तरी काल बोललेली मुंबई परत बोलावता येत नाही. मुंबई नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पण त्या मध्यमलहरी आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून बऱ्याचशा खालीच परततात. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र सरळ पार होतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून. म्हणजे वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली पहिली चित्रं आज ५० प्रकाशवर्षांच्या पुढे गेली आहेत. अतिशय क्षीण, पण गेली आहेत. बोलणाऱ्यांना शोधत येणाऱ्याला आपला पत्ता आधीच मिळालेला असणार. गप्प राहून आता त्याचं लक्ष चुकवता येईल का, हे तुम्हाला ठरवावं लागेल.

दीपस्तंभ

रेडिओखगोल, ही तिसरी अडचण मला फार मोलाची वाटते. यातून वेळेचा एक खेळ उभा राहतो. गुरू कुठे आहे त्यानुसार तिथून पृथ्वीवर संदेश यायला साधारण ३३ ते ५४ मिनिटं लागतात. चौकीची हाक मुंबईच्या नियंत्रण कक्षात पोचते तेव्हा हाक मारणारी माणसं अर्ध्या तासापूर्वीच संपलेली असतात, आणि कक्षातल्या मुलीला ते ठाऊक असतं. तरी ती उत्तर टाईप करते. नियम न कळलेला असल्यामुळे ते उत्तरही शत्रूला ऐकू जातं. हे प्रकरण मी लिहून ठेवलं आहे.

कोकणकडा, शनीच्या कड्यांबद्दल आभार. खांदेरी थेट वापरणार. मोठ्या ताफ्यापेक्षा रसद पोचवणाऱ्या लहान होड्यांवरच गोष्ट बेतावी असं आता वाटतंय.

गिरगावकर

मी विज्ञानकथा थोड्याच वाचल्या आहेत, पण शहर गप्प कसं होतं हे पाहिलंय, म्हणून लिहितो.

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईत काळोख पाळायचे. आम्ही चाळीत होतो. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, गाड्यांच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग. भोंगा झाला की सगळे गॅलरीतून आत. एखाद्या खोलीतून फट राहिली आणि उजेड दिसला की खालून हाक यायची, ‘दुसरा मजला, दिवा!’ आज मला आठवतं ते हे की आम्हा मुलांना शत्रू कधी दिसला नाही. विमान दिसलं नाही, माणूस दिसला नाही. दिसायचे ते शेजारी. कोण घाबरतंय, कोण दुसऱ्याला धीर देतंय, कोण कंदील विझवत नाही म्हणून भांडतंय.

त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. पाणबुडीने मारली. वर असलेल्यांना शत्रू दिसलाच नसणार. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, आणि त्यांच्यासोबत १९० हून अधिक अधिकारी आणि खलाशी.

आणखी मागे जायचं तर १४ एप्रिल १९४४. वडील तेव्हा तरुण होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज उभं होतं, त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर पहिला स्फोट, थोड्या वेळाने दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली, आजही १४ एप्रिलला त्यांची आठवण करतात. वडील सांगायचे की गावभर एकच बोलणं होतं, जपानी आले. कोणी आलंच नव्हतं. पण लोक गाठोडी बांधून स्टेशनकडे धावले. आणि आकाशातून काय पडत होतं? जळता कापूस, लोखंड आणि सोनं.

तुमच्या गोष्टीत पहिला हल्ला झाला की कोणाला तो हल्ला आहे हेच कळू देऊ नका. गोदीत अपघात झाला असंच सगळ्यांना वाटू दे.

मैफिलीतली

गिरगावकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून लिहा ना, त्या दिवसांबद्दल वेगळा धागा काढा.

तिसरी_बाजू

मला इथे एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे, आणि तो दीपस्तंभ यांच्या आवडीचा अनादर म्हणून घेऊ नये.

या प्रकारच्या कथांचा शत्रू अनोळखी ठेवण्यामागे एक सोय असते. ज्याचा चेहरा नाही, भाषा नाही, मुलंबाळं नाहीत, त्याला कितीही मारा, वाचक टाळ्या वाजवतो. शेवटच्या प्रकरणात अख्खा ग्रह जळतो आणि आपण आनंदाने पुस्तक मिटतो. एच. जी. वेल्सने १८९८ च्या आपल्या मंगळस्वारीच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं उदाहरण दिलं आहे: युरोपियांनी त्यांचा संहार केला, मग मंगळावरचे तसंच वागले तर तक्रार कसली? साम्राज्याच्या मायदेशात बसून त्याने आपल्याच लोकांना आरसा धरला. नंतरच्या पुष्कळ लेखकांनी जहाजं घेतली आणि आरसा टाकून दिला.

आपण तर दुसऱ्या बाजूचे लोक. ज्या बेटांवर हे शहर उभं आहे ती १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, १६६१ मध्ये लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली गेली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. इथल्या कोळ्यांना कोणी विचारलं? समुद्रातून आलेली, हेतू न कळणारी जहाजं आपल्याला कल्पनेत शोधावी लागत नाहीत. मुंबईत घडणाऱ्या गोष्टीत हे कुठेतरी जाणवलं पाहिजे. ताफ्यात निदान एक माणूस असा हवा जो विचारेल, ‘त्यांना मारण्याआधी त्यांना काय हवंय हे शोधायचा प्रयत्न आपण केला का?’ आणि त्याला भित्रा ठरवू नका.

दीपस्तंभ

आक्षेप मान्य नाही असं म्हणता येत नाही, पण एक फरक सांगतो. चेहरा लपवणं आणि चेहरा नाकारणं यात माझ्या दृष्टीने मोठं अंतर आहे. शत्रूला काहीतरी हवं आहे, आणि ते आपल्या समजुतीच्या पलीकडचं आहे, हे वाचकाला सतत जाणवत राहिलं तर तो टाळ्या वाजवणार नाही, तो अस्वस्थ होईल. मला ती अस्वस्थता हवी आहे. ग्रह जाळणारा शेवट माझ्या आराखड्यात नाही.

तुमचा प्रश्न विचारणारा माणूस मात्र घेतो. कोळीवाड्यातला घेतो. ससून डॉकजवळ वाढलेला, ताफ्यात नौचालक. बेटं आंदण दिल्याचा इतिहास त्याच्या तोंडी एकदाच येईल, तोही रागाने नाही.

मैफिलीतली

मी इतका वेळ एका गोष्टीची वाट पाहत होते, कोणीतरी आधी लिहील म्हणून. आपण शत्रूशी बोललो आहोत. मराठीत.

व्हॉयेजर १ आणि २ ही अंतराळयानं. दोन्ही १९७७ साली सुटली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यात आपली मराठीही आहे. आणि संगीतात भारताचं एकच ध्वनिमुद्रण आहे: सूरश्री केसरबाई केरकर, ‘जात कहाँ हो’, भैरवी. साधारण साडेतीन मिनिटं. गोव्यातल्या केरीत जन्मलेली, अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेली, मुंबईत राहिलेली ही बाई. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवस. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

आता तुमच्या गोष्टीकडे. शत्रू अख्ख्या युद्धात काहीच बोलत नाही. आणि मध्यावर एके रात्री त्यांच्याकडून एकच आवाज येतो. केसरबाईंची भैरवी. आपलीच, जशीच्या तशी, एकही स्वर न बदलता.

त्याचा अर्थ काय लावायचा? मुंबईत ज्यांनी आयुष्यभर मैफिली ऐकल्या त्यांच्या पोटात गोळा येईल, कारण भैरवी झाली की मैफल संपते, लोक चपला शोधायला लागतात. सेनापतीला ही धमकी वाटेल. कोणाला वाटेल की ते विचारताहेत, कुठे निघालात? कोणाला वाटेल, सापडलेली वस्तू परत करताहेत. पैकी कुठलाच अर्थ खरा आहे असं गोष्टीने सांगू नये. ‘काय करतात ते दिसावं, का ते दिसू नये’ या तुमच्या नियमात हे चपखल बसतं.

निशाचर

अंगावर काटा आला.

कोकणकडा

यावर कळस नाही. पण रेडिओखगोल, हे जमेल का? व्हॉयेजर अजून तसं जवळच आहे ना?

रेडिओखगोल

अंतराळाच्या मापात अगदी उंबरठ्यावर आहे. व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास वेगाने जातंय आणि इतक्या वर्षांत जेमतेम एक प्रकाशदिवसाच्या घरात पोचलंय. सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, आणि कुठल्याही ताऱ्याच्या जवळपास पोचायला व्हॉयेजरला अजून काही दहा हजार वर्षं लागतील. याचा अर्थ, तबकडी त्यांना त्यांच्या घरी मिळालेली नाही. ते इकडे येत असताना आपल्या अंगणात त्यांनी ती उचलली. म्हणजे निघाले तेव्हा त्यांना आपल्याबद्दल दुसरं काहीतरी ठाऊक होतं, किंवा ते आपल्यासाठी निघालेच नव्हते. ही शेवटची शक्यता मला स्वतःला फार आवडते.

संदेश कोणाला ऐकू यावा हेही सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राची. व्हॉयेजर ज्या वारंवारितांवर बोलतं त्या तिथे ऐकता येत नाहीत, त्या फार वरच्या आहेत. पण तबकडीच्या आवरणावर कालमापनाचं एकक म्हणून हायड्रोजनच्या अणूची खूण कोरली आहे, आणि त्या अणूची रेषा येते १४२० मेगाहर्ट्झवर. तबकडी वाचणारा कोणीही उत्तर द्यायला तीच जागा निवडेल. आणि १४२० जीएमआरटीला ऐकू येतं. म्हणजे रात्रपाळीचा माणूस हायड्रोजनचे ढग मोजत बसलेला असताना तिथे भैरवी येऊ शकते, भौतिकीला अजिबात न दुखावता.

त्याच आवरणावर १४ स्पंदकांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, संदर्भाने सूर्याची जागाही दाखवली आहे. पत्ता आपणच दिलाय.

तिसरी_बाजू

आता गोष्टीचा खरा प्रश्न तयार झाला. ते बोलले. उत्तर द्यायचं का? नियमाप्रमाणे जो बोलेल तो मरेल. आणि गप्प राहिलो तर ते काय विचारत होते हे कधीच कळणार नाही. माझ्या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर मला मिळालं नसतं.

वाचनमात्र

मी इथे सहसा लिहीत नाही. पण उत्तर द्यायचं असेल तर शहरापासून लांब जाऊन द्यावं. एक जहाज एकटं निघेल, खूप दूर जाईल, आणि तिथून बोलेल. जे होईल ते त्याच्यावर होईल.

गिरगावकर

बरोबर बोललात. आणि त्या जहाजावर जायला माणसं मिळतील. माझा विश्वास आहे. ४४ साली पहिला स्फोट व्हायच्या आधी जहाजाला आग लागलेली दिसत होती, आत काय भरलंय हे कळल्यावरही बंबवाले पाणी मारत उभेच होते.

दीपस्तंभ

वाचनमात्र, तुमच्या चार ओळींनी शेवट दिला. तो असा लिहिणार आहे.

रसदीच्या लहान होड्यांपैकी एक निघते. तोफ नाही, चिलखत नाही. कोळीवाड्यातला तो नौचालक, नियंत्रण कक्षातली मुलगी, आणि बाकी गोदीतली माणसं, कारण यंत्रं सांभाळायला तीच लागतात. शनीच्या कड्यांत शिरून ते १४२० वर बोलतात. काय बोलतात हे वाचकाला ऐकू येईल. पलीकडून उत्तर येतं. ते उत्तर मुंबईला पोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि तो सव्वा तास मी पूर्ण लिहिणार, शहराच्या बाजूने, मिनिटामिनिटाने: काळोख पाळलेली चाळ, बंद पडलेल्या लोकल, समुद्राकडे तोंड करून बसलेले लोक. उत्तर आलं एवढं सांगेन. त्यात काय आहे ते सांगणार नाही. पण त्यानंतर त्यांचं आरमार वळतं, आणि ते कुठल्या दिशेने वळतं यावरून ज्याला तर्क करायचा त्याला करता येईल.

आता एक मदत हवी. होडीवरच्या माणसांची बोली पुस्तकी होतेय. गोदीत किंवा बोटींवर काम केलेलं कोणी आहे का इथे?

सुकाणू

आहे. वडील आणि काका दोघेही गोदीत होते, मी स्वतः काही वर्षं बोटींवर काढली. सारंग, त्याच्याखाली टंडेल, त्याच्याखाली खलाशी, ही उतरंड तशीच ठेवा, ‘कमांडर’ वगैरे फक्त वरच्या जहाजांवर. माल वर घ्यायचा तर ‘हबेस’, खाली सोडायचा तर ‘आरिया’, क्रेनवाल्याला आजही असंच ओरडून सांगतात. आणि कामाच्या वेळी माणसं लांब वाक्यं बोलत नाहीत, हे तुमच्या मसुद्यात सगळ्यात आधी दुरुस्त करावं लागेल. पहिली दोन प्रकरणं पाठवा, संवादांवर खुणा करून देतो.